धावड्याचं होकायंत्र

मामा,

तुमचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर मी कपाटावरून खाली काढून पुन्हा टेबलाच्या उजव्या खणात ठेवले. ते वर कधी गेले, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मामीला वाटलं, तुम्हाला त्या कामाचा कंटाळा आला असेल. मला कारण माहीत होतं. जी गोष्ट हाताला धरवत नाही ती डोळ्यांसमोर नको, म्हणून एका दुपारी तुम्ही खुर्चीवर चढून ते वर सरकवले. मी आतल्या खोलीत पुस्तक तोंडावर धरून पडले होते. तुम्ही खुर्ची जागेवर ठेवली आणि उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून बसून राहिलात. तेव्हा उठून बाहेर यावं असं फार वाटलं. आले नाही.

तुम्ही गेल्यावर घरी येणारे सगळे तुमच्या नजरेबद्दल बोलत होते. "सरांच्या नजरेतून खोटं सुटत न्हवतं." "जालन्यात असा माणूस पुन्हा न्हाई." तुमचे पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आता साइटवर टोपी घालून हिंडतात, तेही खाली मान घालून हेच म्हणाले. मी कप गोळा करत ऐकत होते. नजरेबद्दल ते बोलले त्यात काही खोटं नव्हतं. पण मला तुमच्या हाताबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं आणि तसं माणूस त्या खोलीत नव्हतं. तेवढे एक तुम्हीच होतात.

लहानपणी मी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा प्रत्येक जण मला बोलायला लावायचा. "इंग्लिशमध्ये काहीतरी बोलून दाखव की." "हिला जीभ हाय का न्हाई?" तुम्ही एकट्यानं कधी बोलायला सांगितलं नाही. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत, समोर एक पितळी यंत्र ठेवलंत आणि म्हणालात, "बघ. सांगू नको. नुसतं बघत राहा." गप्प राहायला परवानगी असलेलं जगातलं ते माझं पहिलं टेबल. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्याकडे मामाला कुणी थँक्यू म्हणत नाही, आणि दुसरं काही म्हणायला मला येत नव्हतं.

लोक जुनी यंत्रं अस्सल की नकली ते विचारायला तुमच्याकडे आणायचे; ती कशी ओळखायची, ते मग हळूहळू तुम्ही सांगायला लागलात. नवीन बनवलेला माल जुना दिसावा म्हणून रसायनात बुडवून काळा करतात, पण तो काळेपणा सगळीकडे सारखा बसतो. खऱ्या जुन्या पितळेवर जिथे माणसाचा अंगठा पडतो ती जागा उजळलेली असते आणि सांदीकोपऱ्यात काळं साठलेलं असतं. अंशांच्या खऱ्या रेषा कापलेल्या असतात, भिंगाखाली त्यांच्या कडा धारदार दिसतात. नकली रेषा मऊ आणि उथळ. जुन्या कारागिराचे स्क्रू हातानं बनवलेले, एकाचा दुसऱ्याच्या भोकात बसायचा नाही, म्हणून तो प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या भोकाशेजारी सारखीच टिंबं ठोकून ठेवायचा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ती टिंबं दिसली की तुम्ही खुर्चीत मागे रेलायचात. मला रेषा वाचायला लावायचात आणि मी एकोणसाठला एकोणसत्तर म्हटलं की कपाळाला हात लावायचात. "दहा अंशांनी गाव हुकलं तुझं. कुंभार पिंपळगावला निघालेला माणूस परतुराला गेला."

बियाण्यांच्या धंद्यातल्या त्या शेठजींची दुर्बीण आठवते? आत मखमल लावलेली पेटी, दुर्बिणीवर लंडनच्या कुठल्याशा साहेबाचं नाव आणि फार जुनं साल. तुम्ही त्यांना आधी चहा दिलात, पावसापाण्याचं विचारलंत आणि मग भिंग पुढे केलंत. "शेठ, हा स्क्रू बघा. डोक्यावर अधिकची खूण हाय. हे साहेब वारल्यावर शंभर-दीडशे वर्षांनी ही खाच जन्माला आली."

शेठजी म्हणाले, "मंग सर, साहेबाचं भूत येऊन बसवून गेलं असंल. पाहुण्यांना तसंच सांगतो."

तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. तेव्हा तो हसण्यानं सांडला होता, हात थरथरून नव्हे.

पण त्या सगळ्यावर तुमचा एक नियम होता. कितीही खात्री वाटली तरी उघडल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. बाहेरच्या बाजूला हजार हात लागलेले असतात. आत फक्त बनवणाऱ्याचा. हा नियम मोडल्याबद्दल तुम्ही एका हुशार विद्यार्थ्याला माझ्यासमोर असं झाडलं होतं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आणि मग धावडा गावचे ते दोघे भाऊ आले.

मोठे सर्जेराव, धाकटा सुदाम. त्यांचा आजा निजामाच्या काळातल्या पैमाईशीत, म्हणजे जमीनमोजणीत, साखळी ओढायला होता. काम संपल्यावर मोजणीच्या साहेबानं त्याला एक बिघडलेलं पितळी होकायंत्र देऊन टाकलं होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस सरकारी मोजणीत गेला, ही त्या घराची मोठी गोष्ट. घरात सगळे त्याला 'आजाची डबी' म्हणायचे. ती देवघरात असायची आणि खंडेनवमीला विळे-कोयत्यांच्या बरोबर तिची पूजा व्हायची. गावच्या शाळेत जुन्या वस्तूंचं दालन करायचं ठरलं होतं आणि डबी आजाच्या नावानं तिथे ठेवायची होती. त्याआधी सरांचा शब्द हवा, एवढ्यासाठी ते आले होते.

तुम्ही ती डाव्या हातानं घेतलीत. उजवा हात शालीत होता. बाहेर ऊन होतं आणि अंगावर शाल होती. सुदामनं सांगितलं की काच फुटली होती, म्हणून त्यानं ती औरंगाबादला घड्याळवाल्याकडून बदलून आणली, वरच्या कडेचे स्क्रूही नवे टाकले. तुम्ही डबी खिडकीशी धरलीत. कालच घडवल्यासारखी लखलखीत होती. काळेपणाचा मागमूस नाही. बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव उथळ, अर्धं पुसट. काच नवी, स्क्रू नवे.

"जुनं न्हाई हे," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

सर्जेराव म्हणाले, "असं कसं सर? आजाच्या हातची हाय."

"आजाच्या हातची असंल ती ही न्हाई."

हे वाक्य तुम्ही कशाला बोललात, मामा? पहिल्यावर थांबता आलं असतं. पण तुम्हाला वेळ मारून न्यायची घाई झाली होती, कारण सुदाम विचारत होता, "सर, आतून उघडून बघता का एकदा?" आणि तुम्ही म्हणालात, "गरज न्हाई."

सर्जेराव भावाकडे वळले. "काच बसवायला म्हणून नेली आन अस्सल इकून आला का रं? बापजाद्याची चीज?" सुदाम काहीतरी बोलायला गेला पण त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही. असं मलाही होतं. खरं बोलणाऱ्या माणसाची ऐन वेळी जीभ वळत नाही आणि समोरचा त्याचा कबुलीजबाब करून टाकतो. डबी टेबलावर तशीच सोडून सर्जेराव उठले. "ठिवा तुमच्याकडंच सर. खोटं आमच्या देवघरात नको."

पुढे सुदाम एकटा आला होता. तो फाटकाशीच थांबला, आत यायला तयार नव्हता. दादानं घरातून काढलं, बायको-लेकरं घेऊन तो जालन्याला आला, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला. गावात पोरं त्याला बघून बोटानं डबीचा आकार करून दाखवायची. तो इतकंच म्हणाला, "सर, एकदा उघडून बघा ना. नकली निघाली तर निघाली. पण बघा." तुम्ही त्याला पाणी प्यायला सांगितलंत. पाणी मी दिलं. तो ते उभ्यानंच प्याला आणि गेला.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं. आयुष्यात तुमच्याशी वाद घातला तो तेवढाच. "मामा, मी उघडू का? तुम्ही शेजारी बसून सांगा."

"का? माझे डोळे गेलेत का?"

"डोळे नाही."

यापुढचा शब्द मी बोलले नाही. तुम्हीही वाट पाहिली, मला अजून आठवतं. तुम्ही तसेच बघत राहिलात, जणू मी तो बोलावा असंही तुम्हाला वाटत होतं. मग तुम्हीच चिडलात. "इंग्रजी शाळेत घातलं की पोरं अशी होतात. सगळ्याचा पुरावा पायजे. मी सांगितलं ते सांगितलं." त्यानंतर आपण दोघं एकमेकांशी नीट वागत राहिलो. भांडण परवडलं असतं.

तुमचं दुखणं वाढलं, हॉस्पिटल झालं, सगळं झालं. त्यातलं काही मला इथे लिहायचं नाही. शेवटी तुम्ही मला हाक मारलीत ती उशी सरळ करायला. मी सरळ केली.

तेरावा झाल्यावर मी तुमची फळी आवरायला घेतली. डबी मागच्या रांगेत, मोजणीच्या जुन्या लेव्हल-यंत्राच्या आड होती. मी खिडकीशी बसले, भिंग लावलं आणि आधी नुसतं बघत राहिले, तुम्ही शिकवलं होतं तसं. वरच्या कडेच्या एका नव्या स्क्रूभोवती ओरखडे होते. ताजे, चमकणारे, वेडेवाकडे. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसत नव्हता, पुन्हा पुन्हा घसरत होता, असे. धावड्याहून डबी आली तेव्हा ते नव्हते.

मामा, म्हणजे तुम्ही प्रयत्न केला होता. घरात कुणी नसताना कधीतरी पुन्हा खुर्चीवर चढून ते स्क्रू-ड्रायव्हर काढले असतील, आणि हात ऐकत नाही म्हटल्यावर परत वर ठेवले असतील. रडू आलं नाही, राग आला. मी शेजारच्या खोलीत होते. नेहमीच असायचे. हाक मारायची होती. मी येऊन काहीही न बोलता उघडून दिली असती आणि नंतरही कुणाला काही बोलले नसते. गप्प राहणं एवढं एकच तर मला चांगलं येतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

मी उघडली. कडं निघालं, काच निघाली, खाली अंशांची चकती. ती तीन स्क्रूंनी बसवलेली होती. पहिल्याशेजारी एक टिंब, दुसऱ्याशेजारी दोन, तिसऱ्याशेजारी तीन. स्क्रूच्या डोक्यांवर तीच. चकतीवरच्या रेषांच्या कडा इतक्या धारदार की भिंगातून बघताना डोळ्याला टोचाव्यात. आणि चकतीखाली, जिथे बनवणाऱ्यानंतर कुणाचंच बोट गेलं नव्हतं, तिथे जुन्या पितळेवर देतात तो लाखेचा सोनेरी मुलामा जसाच्या तसा होता. वरच्या कड्याखालच्या खाचांमध्ये लाल-पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं होतं. सुईनं काढून बघितलं. हळदी-कुंकू. त्याखाली वाळलेली चिंच.

तेव्हा सगळं लख्ख कळलं. दर खंडेनवमीला त्या घरातल्या बायकांनी डबी चिंच आणि राखेनं घासली होती. देवाची वस्तू काळी कशी ठेवायची? घासता घासता मुलामा गेला, म्हातारपण गेलं, कोरलेलं नाव झिजून उथळ झालं. दुकानदार खोट्याला जुनं करतात. यांनी भक्तीनं खऱ्याला नवं करून ठेवलं होतं. तुम्ही उघडली असती तर तुम्हाला एका मिनिटात कळलं असतं.

मामीला मी सांगितलं, धावड्याला जाते. तिनं हातातलं निवडणं थांबवलं. "कशाला?"

"ते यंत्र खरं आहे."

"मंग असू दे खरं. तिथं जाऊन काय सांगणार? ह्यांचं चुकलं म्हणून? माणूस गेला तर त्याच्या माघारी त्याची चूक वाटत हिंडणार का तू?"

"सुदाम घराबाहेर आहे, मामी."

"ते त्यांचं घर हाय." मग ताटातले खडे एका बाजूला करत ती म्हणाली, "जाय. पण ह्यांना लहान करून येऊ नको."

भोकरदनला एसटी बदलून मी धावड्याला पोचले तेव्हा अंगणात मक्याचे ढीग पडले होते. सर्जेरावांनी मला ओळखलं. "सरांची भाची ना तुम्ही? या ताई. सर गेल्याचं कळलं. मी यायला पायजे होतो, पण मन झालं न्हाई." त्यांची आई गयाबाई ओट्यावर बसली होती. मी बाजेवर रुमाल पसरला आणि डबी उघडली. तयारी केलेलं सगळं बोलले. टिंबं, रेषा, मुलामा, चिंच. मी सलग एवढं परक्या माणसासमोर कधी बोलले नव्हते.

सर्जेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या हात, मी न्हाई म्हणून राह्यलो का? पण सर ते सर. सरांनी हातात घेऊन सांगितलं, जुनं न्हाई. जालन्यात कुणालाबी इचारा, सरांचा शब्द कधी चुकला का?"

"त्यांनी उघडून पाहिली नव्हती."

"त्यांना उघडायची गरजच न्हवती. तेच म्हणले ना तसं."

तुम्ही काय उभं करून ठेवलं होतं ते मला त्या अंगणात दिसलं, मामा. तुमचा शब्द फिरवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो आता नव्हता.

गयाबाई उठून आल्या. त्यांनी चकतीखालच्या सोनेरी जागेवर बोट टेकवलं. "हा रंग म्या पाहेलाय. नवी नवरी होते. पहिल्या दसऱ्याला सासूनं डबी घासायला देली. घासता घासता सगळं पाणी पिवळं झालं. म्या भेले. सासरा आला, बघितलं, म्हणला, उजळली चांगली."

"आई, तुला आता बराबर दिसतं तरी का?" सर्जेराव म्हणाले. आवाज कठोर नव्हता. पण त्यांना ते खरं असायला नको होतं. खरं असेल तर त्यांनी भावाला काय केलं, ते मग खरं होणार होतं. एवढं ओझं माझ्या शब्दावर कोण उचलेल?

म्हणून मी ते केलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, जे मला कुणाच्याही बाबतीत जमत नाही, आणि म्हणाले, "मामांनीच पाठवलंय मला. जायच्या आधी त्यांनी उघडून पाहिली होती. म्हणाले, धावड्याची डबी अस्सल आहे. माझं चुकलं. जाऊन सांग."

सर्जेराव बाजेवर बसले. "सर म्हणले? चुकलं म्हणले?"

"हो."

"आपल्या तोंडानं?"

"हो."

जुना एखादा खरा तुकडा मिळाला की त्याच्याभोवती सगळं नवं यंत्र बांधून विकणारे लोक असतात. असला माल सगळ्यात वाईट, असं तुम्ही म्हणायचात. माझ्याजवळ खरा तुकडा एवढाच होता, त्या स्क्रूभोवतीचे ओरखडे. बाकीचं मी घडवलं. तुमच्या आवाजाच्या जवळ जाईल असं, थोडक्यात, फार सफाई न करता.

सर्जेरावांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधायला वेळ लागला. ते मक्याच्या ढिगापलीकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले, तरी सगळं ऐकू येत होतं.

"सुदाम? मी बोलून राह्यलो. दादा... ठिवू नको, ऐक. जालन्याच्या सरांची भाची आली हाय. डबी आपलीच हाय म्हणं. अस्सल... अरे सर स्वतः म्हणले. जाता जाता म्हणले, माझं चुकलं, त्या पोराला सांगा." मग म्हणाले, "लई रडले म्हणं सर. तुझं नाव घेऊन."

पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. मग ते परत आले आणि त्यांनी फोन आईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि ती ऐकतच राहिली.

तुम्ही सुदामचं नाव घेऊन रडला होतात, मामा. मी तसं म्हटलं नव्हतं, पण मी ते दुरुस्त केलं नाही, आणि आता ते तसंच राहील.